गिरगाव ते लालबाग : गायनप्रसंगांच्या छायाचित्रांचा पुरावा

मराठी संगीताच्या इतिहासावरील कोणताही सचित्र ग्रंथ चाळला असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. गायक-गायिकांची छायाचित्रे त्यात पुष्कळ असतात. पण गाणे प्रत्यक्ष चालू असताना घेतलेली छायाचित्रे फार थोडी आढळतात. पगडी घालून खुर्चीवर बसलेले बुवा, तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात टेकून रंगवलेल्या पडद्यासमोर बसलेली गायिका, शालू नेसून किंचित बाजूला पाहणारा स्त्रीभूमिकेतील नट, असा हा परिचित चित्रसंग्रह आहे. ही चित्रे गाणाऱ्यांची होत. ती गाण्याची आहेत असे म्हणता येणार नाही. असे असूनही बैठक कशी भरत असे, साथीदार कोठे बसत, श्रोते कोण असत, अशा प्रश्नांची उत्तरे शोधताना अभ्यासक याच चित्रांकडे वळतात आणि स्टुडिओत रचलेल्या दृश्याला बैठकीतील किंवा रंगमंचावरील दृश्याचे प्रामाण्य नकळत देऊन बसतात.

दक्षिण व मध्य मुंबईतील गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग हा भाग या प्रश्नाच्या विचारास विशेष सोयीचा आहे. अभिजात गायनाच्या बैठका, संगीत नाटके, शाहिरी कलापथके, तमाशा आणि अलीकडच्या काळात चित्रपटाच्या आश्रयावाचून स्वतःची गीते रचून गाणारे तरुणांचे बँड, हे सर्व प्रकार पाच-सहा मैलांच्या या पट्ट्यात नांदले. छायाचित्रणाची कलाही याच शहरात फार लवकर रुजली. तरीसुद्धा या निरनिराळ्या संगीतप्रकारांनी मागे ठेवलेली चित्रसामग्री अत्यंत विषम आहे. या विषमतेचे मूळ कलाकारांच्या योग्यतेत नसून तीन बाह्य गोष्टींत आहे : चित्र उमटण्यास लागणारा प्रकाश, छायाचित्रकाराला मिळणारी जागा आणि चित्राची किंमत देणारा धनी. या तिहींचा विचार केल्यावाचून गायनप्रसंगाच्या छायाचित्रास पुरावा म्हणून स्वीकारणे धोक्याचे ठरते.

१

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी होत. त्या काळी प्रचारात असलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेला रसायनाचा लेप देऊन ती ओली असेपर्यंतच चित्र घ्यावे लागे व लगेच अंधाऱ्या खोलीत नेऊन ते धुवावे लागे. छायाचित्रकाराबरोबर त्याची अंधारी खोलीही हिंडत असे. साहजिकच दिवसाउजेडी, स्थिर बसलेल्या व्यक्तीचे चित्र हीच या पद्धतीची मर्यादा होती.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी जी युक्ती योजली गेली ती अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि मागील दृश्य दुसऱ्या ठिकाणचे आहे. दोहोंची जुळणी नंतर करण्यात आली. पाहणाऱ्यास मात्र ती माणसे त्या जागी उभी असल्याचाच भास होतो. म्हणजे मुंबईतील छायाचित्रणाच्या पहिल्या दोन दशकांतच ‘व्यक्ती खरी, पण प्रसंग रचलेला’ अशा चित्राची परंपरा सुरू झाली होती. संगीताच्या छायाचित्रांत ही परंपरा पुढे दीर्घकाळ टिकली.

२

संगीत नाटकांचा काळ येईपर्यंत कोरड्या काचा प्रचारात आल्या होत्या व छायाचित्रकाराची अंधाऱ्या खोलीच्या सान्निध्यातून सुटका झाली होती. पण प्रकाशाची अडचण कायम होती. साधारण हिशेब केला तर त्या वेळच्या मंद काचेवर, नेहमीच्या भिंगाने, दिव्यांच्या उजेडातील खोलीचे चित्र उमटण्यास दहा ते वीस सेकंद लागत. तेवढ्या अवधीत गायकाची एखादी लहानशी तान सुरू होऊन संपून जाते आणि त्याचा हात, मान व ओठ काचेवर धुरकट डाग होऊन उरतात. एकदम भडकणारा मॅग्नेशियमचा प्रकाश १८८७ नंतर उपलब्ध झाला खरा. परंतु त्याचा धूर व धोका पाहता भरलेल्या नाट्यगृहात तो करण्याची कल्पनाही करवत नाही.

म्हणून नट स्टुडिओत जात. बालगंधर्वांची स्त्रीवेषातील छायाचित्रे महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचली. त्या चित्रांतून वेषभूषा, दागिने, उभे राहण्याची ढब यांविषयी बहुमोल माहिती मिळते यात शंका नाही. मात्र गंधर्व नाटक मंडळीचे वैभव केवळ वेषात नव्हते. अहमदजान तिरखवाँ यांचा तबला, कादरबक्ष यांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन या साथीवर तिचे संगीत उभे होते. ‘वन्स मोअर’च्या आग्रहाने एकेक पद लांबत जाई व प्रयोग पहाटेपर्यंत चाले. यांपैकी काहीच स्टुडिओतील चित्रात येत नाही. त्या चित्रात पात्र एकटे असते, त्याचे तोंड मिटलेले असते, आणि साथीदारांची तर सावलीही पडलेली नसते.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात केशवराव भोसले व बालगंधर्व यांनी मिळून केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी झाला होता. मराठी रंगभूमीच्या इतिहासात इतका गाजलेला दुसरा प्रयोग क्वचितच सापडेल. त्या रात्रीचे वर्णन आज प्रामुख्याने आठवणींच्या आधारे केले जाते. दोन्ही नटांची स्वतंत्र छायाचित्रे शेजारी छापून त्या रात्रीचा भास निर्माण करता येईल. पण तसे करणे म्हणजे जॉन्सनच्या युक्तीची पुनरावृत्तीच होय.

स्टुडिओतील चित्राचा खर्च कोण करीत असे, हाही प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. नाटक मंडळीस जाहिरात हवी असे व रसिकास भिंतीवर लावण्यासाठी मूर्ती हवी असे. या दोन्ही ग्राहकांस साथीदार नको होता. तो चित्रात नाही याचे कारण केवळ तांत्रिक होते असे मानणे म्हणूनच बरोबर नाही. प्रकाशाची अडचण संपल्यावरही हा साथीदार चित्राच्या कडेलाच राहिला, हे पुढील काळाकडे पाहिले असता स्पष्ट होते.

३

गिरगावातील बैठकीचे स्वरूप नाटकाहून वेगळे होते. ट्रिनिटी क्लब, लक्ष्मीबाग, ब्राह्मण सभा आणि प्रा. बी. आर. देवधरांचे १९२५ साली स्थापन झालेले संगीत विद्यालय ही या परिसरातील गाण्याची प्रसिद्ध स्थाने. चाळींतील गणेशोत्सवाची जोड त्यांना होती. केशवजी नाईकांच्या चाळीतील सार्वजनिक उत्सव १८९३ पासूनचा आहे. या सर्व ठिकाणी श्रोता गायकापासून हाताच्या अंतरावर बसे. जागेचा प्रश्न म्हणून येथे तीव्र होता. बैठकीत उभे राहणारा माणूस मागील सर्वांची दृष्टी अडवितो आणि मध्येच लखलखाट करणारा माणूस गायकाची समाधी मोडतो. छायाचित्रकारास बैठकीत यावयाचे तर त्याने श्रोत्याचा धर्म पाळला पाहिजे, ही अट अलिखित असली तरी सर्वमान्य होती.

ही अट पाळून चित्र घेणे शक्य झाले ते लहान कॅमेरा व संवेदनक्षम फिल्म यांमुळे. लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म ३५ मिलिमीटरच्या आकारात १९५४ साली मिळू लागली. पुढे तिची संवेदनक्षमता ४०० मानली गेली. अशा फिल्मवर, दोन छिद्रमानाच्या भिंगाने, घरगुती विजेच्या दिव्यात सुमारे १/३० सेकंदात चित्र घेता येते. वीस सेकंदांवरून एक-तीसांश सेकंदावर आलेले हे अंतर फार मोठे आहे. छायाचित्रकार आता मांडी घालून, फ्लॅशवाचून, गाणे चालू असताना चित्र घेऊ शकत होता. १९५३ मध्ये स्थापन झालेले दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, गिरगावातील साहित्य संघ मंदिर आणि दादरचे १९६५ साली उघडलेले शिवाजी मंदिर यांसारख्या संस्था व वास्तू याच सुमारास पुढे आल्या. मोहन वाघ यांच्यासारखा छायाचित्रकार रंगभूमीच्या चित्रणातून नावारूपास येऊन पुढे ‘चंद्रलेखा’चा निर्माता झाला, यावरून या काळात रंगमंचीय छायाचित्रणास किती प्रतिष्ठा मिळाली होती हे दिसते.

तथापि १/३० सेकंद हीदेखील गाण्याच्या मानाने मंद गती आहे. द्रुत तानेतील हात या वेगात अस्पष्टच येतो. चित्र स्वच्छ हवे असेल तर गायक क्षणभर स्थिर होईल त्या जागेची वाट पाहावी लागते. आणि अशा जागा विलंबित आलापीत, एखाद्या स्वरावरील ठहरावात अधिक सापडतात. डोळे मिटून, एक हात किंचित उंचावून स्वरात लीन झालेला गायक हे हिंदुस्थानी संगीताच्या छायाचित्रांतील जे जवळजवळ ठरून गेलेले रूप, त्याचा उगम केवळ संगीताच्या आध्यात्मिक वृत्तीत शोधणे अपुरे आहे. फिल्मच्या गतीचा व बैठकीच्या शिष्टाचाराचा त्यात मोठा वाटा आहे. गाणारा माणूस बैठकीत हसतो, तबलजीकडे पाहून डोळे मिचकावतो, विडा जुळवितो, चुकलेल्या जागेवर मान हलवितो. हे सारे बैठकीस गेलेल्या श्रोत्यांस ठाऊक होते. प्रसिद्ध झालेल्या चित्रांत ते क्वचितच आले.

४

गिरगावातून परळकडे वळल्यावर गाण्याचा प्रसंग बदलतो व त्याबरोबर छायाचित्राचा धनीही बदलतो. येथील श्रोता गिरणी कामगार होता आणि येथील गाणे मैदानात, चौकात व सभागृहात होत असे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर हॉल हे परळचे सांस्कृतिक केंद्र होते. १९२४ च्या मार्चमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी बोलावलेली सभा याच सभागृहात भरली होती. कामगारांची नाटके, भजने व कलापथके यांचा या वास्तूशी निकटचा संबंध राहिला.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. डफ, तुणतुणे व ढोलकी यांच्या साथीने ही मंडळी कामगारांपुढे गात. हे संगीत पूर्ण अर्थाने स्वतंत्र होते. नाटक कंपनी, चित्रपट किंवा ध्वनिमुद्रिकांचा व्यापार यांपैकी कोणाच्याही भांडवलावर ते उभे नव्हते. म्हणूनच त्याची जाहिरात करणारी, तिच्यासाठी छायाचित्रे घेणारी यंत्रणाही नव्हती. जी होती ती पक्षाची. इप्टा या लोकनाट्य संघटनेची स्थापना मे १९४३ मध्ये मुंबईत झाली. कम्युनिस्ट पक्षाच्या मुख्य कचेरीत त्या काळी राहणारे सुनील जाना (१९१८–२०१२) यांनी बंगालच्या दुष्काळाबरोबरच किसान-कामगारांच्या चळवळी व इप्टाच्या पथकांचे नृत्यप्रयोगही टिपले. संगीताच्या छायाचित्रणाच्या इतिहासात हे स्थित्यंतर महत्त्वाचे आहे. नाटक मंडळीस मूर्ती हवी होती. पक्षास समुदाय हवा होता. गाणारा माणूस आणि त्याचे ऐकणारे लोक एकाच चित्रात येण्याची गरज प्रथमच निर्माण झाली.

परंतु पक्षाचा एखादा निष्णात छायाचित्रकार सोडला तर मैदानातील शाहिराची स्थिती बिकटच होती. सभा संध्याकाळी, पाळी सुटल्यावर भरत. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराजवळचा फ्लॅशचा दिवा एकदा पेटला की निकामी होई, म्हणून चित्रांची संख्या मोजकी असे. शाहिराचे गाणे बहुधा सभेच्या आरंभी, समुदाय जमविण्यासाठी होई. दिवा मात्र पुढाऱ्यासाठी राखून ठेवला जात असला पाहिजे, असे अनुमान वावगे ठरणार नाही. १९५६ ते १९६० या काळातील संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांनी बजावलेली कामगिरी सर्वमान्य आहे. त्या लढ्याच्या सभांची जी छायाचित्रे नेहमी पुढे येतात त्यांत मात्र व्यासपीठावरील वक्ते व अफाट गर्दी दिसते. ज्याच्या आवाजाने ती गर्दी तासभर बसून राहिली तो शाहीर शोधावा लागतो.

५

शाहिरास निदान पक्ष होता. लालबाग-परळच्या तमाशास तेवढाही आधार नव्हता. लालबागचे हनुमान थिएटर हे गिरणी कामगारांच्या करमणुकीचे मोठे स्थान होते. गावाकडचे फड तेथे येत आणि गाव सोडून आलेला कामगार आपल्या मुलखाची बोली व लावणी ऐकण्यास तेथे जाई. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि ती उठल्यावरही संहितेच्या तपासणीचे बंधन राहिले. ज्या कलेकडे सरकार संशयाने व सुशिक्षित वर्ग संकोचाने पाहत होता, तिच्या प्रयोगाचे छायाचित्र घेण्यासाठी पैसा खर्च करणारा कोण असणार? फडाच्या जाहिरातीसाठी लागे तो नायिकेचा मुखवटा, आणि तो पुन्हा स्टुडिओतच तयार होई.

परिणामी तमाशाच्या बाबतीत एक विचित्र विसंगती उत्पन्न झाली. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या पिढीतील कलावतींची कीर्ती महाराष्ट्रभर झाली; परंतु कनातीमागची तयारी, ढोलकीवाल्याशी होणारी नजरानजर, श्रोत्यांची दाद, यांचे समकालीन चित्रण विरळ राहिले. प्रेक्षकांच्या मनातील लावणीचे दृश्यरूप त्यामुळे बरेचसे चित्रपटाने घडविले. संदेश भंडारे यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा एकविसावे शतक उजाडले होते. त्यात फडांचा प्रवास, राहुटी व रंगमंच हे सर्व एकत्र पाहावयास मिळते. पण तोवर लालबागचा गिरणी कामगार हा श्रोताच राहिला नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि त्यांच्या पाठोपाठ हनुमान थिएटरही बंद झाले.

६

याच गिरण्यांच्या आवारात पुढे संगीताचा एक नवा प्रकार आला. चित्रपटसंगीताच्या बाहेर राहून स्वतःची गीते गाणाऱ्या बँडांची मुंबईतील परंपरा तशी जुनी आहे. १९८६ पासून भरणारा ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव अनेक वर्षे धोबीतलावच्या रंगभवनात होत असे. रुग्णालये व शिक्षणसंस्था यांच्या सान्निध्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि तेथील खुले कार्यक्रम थांबले. डिसेंबर २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीतगृह उघडले. ते २०१६ मध्ये बंद झाले. या नऊ वर्षांत देशातील अनेक स्वतंत्र बँड तेथे वाजवून गेले.

योगायोग असा की निकॉन कंपनीचा डी-३ हा डिजिटल कॅमेराही २००७ च्या अखेरीसच विक्रीस आला. त्याची नेहमीची संवेदनक्षमता ६४०० पर्यंत जात असे. ट्राय-एक्सच्या ४०० च्या सोळापट असा हा आकडा आहे. पूर्वीच्याच हिशेबाने, ज्या उजेडात १/३० सेकंद लागे तेथे आता सुमारे १/५०० सेकंद पुरू लागला. ढोल वाजविणाऱ्याची काठी हवेतच थांबविता येऊ लागली, घामाचा थेंबही चित्रात येऊ लागला. दीडशे वर्षे छायाचित्रकारास अडविणारी प्रकाशाची अट जवळजवळ नाहीशी झाली. मथुरादास मिलच्या आवारातील एका रात्रीची जितकी चित्रे घेतली गेली असतील तितकी लाल बावटा कलापथकाच्या सबंध आयुष्याची घेतली गेली नसावीत.

प्रकाशाची अट संपली, पण जागेची व धन्याची अट संपली नाही. पहिली तीन गाणी होईपर्यंतच चित्रे घ्यावीत व फ्लॅश वापरू नये, असा नियम जगभरच्या मोठ्या संगीतप्रयोगांत रूढ आहे. गायक रंगात येण्यापूर्वीच छायाचित्रकारास बाहेर जावे लागते. लहान संगीतगृहात हा निर्बंध सैल असतो; पण तेथे चित्राचा उपयोग पुढील कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी होतो आणि चित्रकारास अनेकदा मोबदल्याऐवजी प्रवेशच मिळतो. जाहिरातीस लागतो तो पुढे उभा असलेला गायक. मागे बसलेला ढोलवादक, ध्वनियोजना सांभाळणारा तंत्रज्ञ आणि काळोखातील श्रोते पुन्हा कडेलाच राहतात. तिरखवाँसाहेब बालगंधर्वांच्या चित्रात नव्हते त्याचे एक कारण येथेही जसेच्या तसे उभे आहे.

७

वरील विवेचनावरून गायनप्रसंगाच्या छायाचित्राचे परीक्षण कसे करावे याची दिशा सूचित होते. चित्र कोणत्या काळचे आहे हे ठरले की त्या काळच्या साहित्याने ते दिव्याच्या उजेडात घेणे शक्य होते काय, हे प्रथम पाहावे. शक्य नसेल तर प्रसंग रचलेला आहे असे समजून चालावे. दुसरे, भिंग कोठून पाहते हे पाहावे : श्रोत्यांतून, विंगेतून, की व्यासपीठावरून? छायाचित्रकाराला जी जागा मिळाली तिच्यावरून त्या समाजातील त्याचे व संगीताचे नाते कळते. तिसरे, चित्र कोणासाठी घेतले हे शोधावे. आणि शेवटी, चित्रात जे नाही त्याची यादी करावी. साथीदार, श्रोते व जागा यांचा अभाव हा काही वेळा चित्रातील व्यक्तीपेक्षाही अधिक बोलका पुरावा असतो.

यास एक व्यावहारिक बाजूही आहे. परळ-लालबागच्या चाळींत लाकडी पेट्यांतून कलापथकांची, भजनी मंडळांची, नाट्यस्पर्धांची व गणेशोत्सवांतील मेळ्यांची घरगुती छायाचित्रे असतात. ती कोणा नामांकित चित्रकाराने घेतलेली नसतात; पण चाळीतल्याच माणसाने, पहिल्या रांगेत बसून, ओळखीच्या चेहऱ्यांकडे पाहत घेतलेली असल्यामुळे जागेची अट त्यांना लागू झालेली नसते. व्यावसायिक छायाचित्रांतील उणीव काही अंशी येथेच भरून निघण्याचा संभव आहे. चाळींच्या पुनर्बांधणीत बिऱ्हाडे हलतात तेव्हा या पेट्या प्रथम टाकल्या जातात. दामोदर हॉलचे नाट्यगृहही पुनर्विकासासाठी नोव्हेंबर २०२३ पासून बंद झाले. ज्या जागा ओळखून चित्रांची तारीख लावता येते त्या जागाच आता नाहीशा होत आहेत, आणि चित्रातील ढोलकीवाल्याचे नाव सांगू शकणारी माणसे वृद्ध झाली आहेत.

डिजिटल चित्रांचे भवितव्य याहून सुरक्षित आहे असे समजण्याचे कारण नाही. काचेची निगेटिव्ह शंभर वर्षांनी उजेडासमोर धरली तरी दिसते. तबकडीवरील चित्र ती वाचणारे यंत्र गेले की दिसत नाही. शिवाय हजारो चित्रांपैकी एकाखालीही तारीख, स्थळ व वादकांची नावे नसतील तर त्या विपुलतेचा इतिहासास उपयोग थोडाच. म्हणून चित्र जमविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याखालील ओळ लिहून घेण्याचे काम निकडीचे आहे. परळच्या एखाद्या घरातील पिवळ्या पडलेल्या चित्राच्या मागे तुणतुणे धरलेल्या माणसाचे नाव, गिरणीचे खाते आणि साल एवढे तीन तपशील पेन्सिलीने लिहून ठेवले, तर त्या चित्रावरून त्या मैदानाचा, त्या पथकाचा व त्याच्या श्रोत्यांचा शोध पुढील अभ्यासकास सुरू करता येईल.